जळक्या तागाचा वास

१

त्या सकाळी बेकरीच्या पावाला जळक्या तागाचा वास होता.

जेलरबाईंनी तुकडा मोडून तोंडात घातला आणि गिळावा की थुंकावा अशा पेचात तशाच उभ्या राहिल्या. बायकांच्या तुरुंगात त्यांचा जन्म गेला होता. कैद्यांच्या आधी जेवण चाखून पाहणं हे तिथलं रोजचं काम, त्यामुळे त्यांची जीभ सहसा कशाला दचकत नसे. पण ही बेकरी त्यांच्या मैत्रिणीची होती, आणि तिच्या पावाला कधी वास आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"भट्टीत काय घातलंस गं?" त्यांनी विचारलं.

"माझं नशीब," बेकरीवाली म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते. "तू निदान तोंडावर बोललीस. बाकीचे पाव मुकाट परत ठेवून गेले. वासाचं काय घेऊन बसलीस? आज संध्याकाळी माझ्या टोस्टला मरणाची सुई देणार आहेत."

टोस्ट हा तिचा कुत्रा. रंग भाजलेल्या पावाचा, कानांच्या कडा करपलेल्या, डोकं विटेसारखं चौकोनी. पिल्लू असताना त्याला कुणीतरी बेकरीच्या दारात टाकून गेलं होतं. तो पिटबुल आहे असं सगळे म्हणत. त्याचे आईबाप कुणी पाहिले नव्हते, जबडा मात्र सगळ्यांनी पाहिला होता.

आदल्या दुपारी मागच्या अंगणात त्यानं माळीबुवांचा डावा हात धरला. मांस फाटलं, हाड मोडलं. बेकरीवालीचा जावई धावत आला, त्यानं कुत्र्याला आवरलं, म्हणून माळीबुवा वाचले. दिवेलागणीपर्यंत जावईबापू वस्तीचे हिरो झाले होते आणि टोस्ट जनावरांच्या डॉक्टरांकडे पिंजऱ्यात जाऊन पडला होता. आज वस्तीच्या समितीची बैठक होती. ठराव तयार होता. टोस्टला सुई द्यायची, आणि त्या जातीचा एकही कुत्रा यापुढे वस्तीत ठेवायचा नाही.

"मी रडले की लोक म्हणतात, बघा, कुत्र्यासाठी रडते," बेकरीवाली म्हणाली. "अगं, माळीबुवांसाठीही रडतेय. डोळे तेच आहेत, दोघांचं पाणी वेगवेगळं कसं काढून दाखवू?"

जेलरबाईंनी तुकडा गिळला.

"रडणं जरा बाजूला ठेव. आधी तुझी भट्टी दाखव."

"भट्टी कशाला?"

"कुत्रा चावला अंगणात, आणि वास येतोय पावाला. हे कोडं माझ्या घशाखाली उतरत नाही."

२

भट्टी विटांची होती, आणि तिच्यात लाकडाशिवाय काही जात नसे. बेकरीवालीच्या सासऱ्यांपासूनचा तो नियम. साधा कागद टाकला तरी पाव चुगली करतो, असं ती म्हणे.

"काल जावईबापूंनी पोतं जाळलं हिच्यात," तिनं सांगितलं. "माळीबुवांच्या हाताला गुंडाळलेलं होतं ते. रक्तानं भिजलेलं. 'आई, तुम्ही बघू नका' म्हणाले आणि निखाऱ्यांवर टाकून मोकळे झाले. गोदामावरच्या पहारेकऱ्यांचे मुख्य ते, त्यांना भट्टीची रीत काय ठाऊक? पण मनानं चांगले आहेत गं."

"माळीबुवांनी हाताला पोतं गुंडाळलं होतं?"

"काटेरी वेल छाटायची होती ना. ढिगातलं एक रिकामं घेतलं असेल." बेकरीवालीनं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. मैद्याच्या रिकाम्या पोत्यांची चळत होती, आणि वरच्या पोत्यावर टोस्टच्या अंगाचा खळगा अजून तसाच होता. "पोत्याचा राग आला असेल म्हणावं तर तेही नाही. त्याचा जन्म पोत्यांवर लोळण्यात गेलाय. कधी एक दोरा उसवला नाही."

जेलरबाई बराच वेळ त्या खळग्याकडे पाहत राहिल्या. तुरुंगाच्या भिंतीबाहेर पहाऱ्याचे कुत्रे असत. त्यांनी ते पुष्कळ पाहिले होते, आणि कुत्र्यांपेक्षा त्यांना हाताळणारी माणसं जास्त.

"राख कुठं टाकलीस?"

राख बादलीत होती. जेलरबाईंनी बाही वर केली, कोपरापर्यंत हात घातला आणि ढवळत राहिल्या. हात वर आला तेव्हा तळव्यावर दोन लोखंडी बक्कलं होती, पट्ट्याला असतात तशी, आगीनं काळी पडलेली.

"माळीबुवांच्या कमरेच्या पट्ट्याची असतील," बेकरीवाली म्हणाली. "धांदलीत तुटली असतील."

"असतील. मैद्याच्या पोत्याला तर कुणी बक्कल लावत नाही." जेलरबाईंनी ती रुमालात बांधली. "चल, मी माळीबुवांचा पट्टा बघून येते."

३

माळीबुवांनी आयुष्यात पट्टा लावला नव्हता.

"पायजम्याला नाडी असते हो बाई," ते खाटेवरून म्हणाले. प्लास्टरमधला हात उशीवर होता. "पट्टा लावून वाकायचं कसं? आमचं सगळं काम वाकूनच."

"दुखतंय फार?"

"दुखणं बरं. झोप लागली की तोच येतो स्वप्नात. मी वेल छाटायला गेलो की माझ्या सावलीत येऊन झोपायचा. ऊन सरकलं की मी सरकायचो, तोही सरकायचा. त्याला मी काय केलं होतं?"

"ते शोधायलाच आलेय. काल काय वेगळं होतं?"

माळीबुवा विचारात पडले. "वेल फार माजली होती. एरवी मी नुसती कात्री चालवतो. काल डाव्या हाताला पोतं गुंडाळलं, सुतळीनं बांधलं. उजव्या हातात काठी घेतली, वरच्या फांद्या दाबायला. काठी उगारली, आणि हा उठला."

"गुरगुरला?"

"नाही. तेच तर. शेपटी वर, डोळ्यांत चमक, जणू मी त्याला खेळायला हाक मारली. आणि मग एकदम हातावरच."

"तोंडावर नाही, पायावर नाही?"

"दुसरीकडे कुठं दात लागला नाही. जावईबापू आले म्हणून सुटलो. त्यांनी मांडीवर दोनदा थाप मारली, माणूस घाबरला की मारून घेतो ना, तशी. त्यानं सोडलं, पण पोतं घेऊनच गेला."

"ओरडले असतील ते त्याच्यावर?"

"शब्द नाही काढला. वाचाच बसली असेल बिचाऱ्यांची." माळीबुवांनी मान वळवली. "एक सांगू बाई? कालपासून घर भरून माणसं येऊन गेली. प्रत्येकानं मला कुत्र्याची जात विचारली. माझ्या हातात काय होतं ते विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या."

जेलरबाई उठल्या. दारातून त्या मागे वळल्या.

"हे सगळं दिसेल अशी खिडकी कुणाची आहे?"

"पिपाणीची," माळीबुवा म्हणाले. "पण त्याचं ऐकू नका. त्यानं त्या कुत्र्याला विष घालायची शपथ घेतली आहे."

४

पिपाणी म्हणजे बेकरीच्या वरच्या मजल्यावरचा क्लॅरिनेटवाला. त्यानं वाद्य तोंडाला लावलं की टोस्ट खाली अंगणात गळा काढी, आणि वस्तीचं म्हणणं असं की दोघांत टोस्ट सुरात असतो.

"विष घालीन म्हणालो होतो, खरं आहे," त्यानं दार उघडतानाच कबूल केलं. "खडेही मारलेत. पण काल नाही. काल मी खिडकीत बसून वाद्य पुसत होतो."

"आज तर खुशीत असाल. सुंठेवाचून खोकला गेला."

पिपाणी हसला नाही. "सकाळी वाजवायला बसलो. खालून कुणी ओरडलं नाही. दोन ओळी वाजवल्या आणि ठेवून दिलं. मला काय झालंय कळत नाही."

"काल काय पाहिलंत?"

"लोक म्हणतात कुत्रा पिसाळला, रक्ताची चटक लागली. मला तसं दिसलं नाही. पोतं तोंडात, मान वर, अंगणभर गोल गोल फिरला. मी आयुष्यभर मिरवणुकीत वाजवलंय बाई, मिरवणं मला कळतं. आणि मग पोतं नेऊन जावयाच्या पायाशी ठेवलं. शहाण्यासारखा बसला."

"हे समितीला सांगितलंत?"

"कुत्र्याच्या बाजूनं बोललो तर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? शपथ तर मीच घेतलेली."

जेलरबाईंनी खिडकीतून खाली पाहिलं. अंगणाला उंच भिंत होती. वरून सोडून ते दुसरीकडून कुठूनच दिसत नव्हतं.

"एरवी काय चालतं इथं? बेकरी बंद असते तेव्हा?"

"सुटीच्या दिवशी? सासूबाई लेकीकडे जातात, आणि जावई गाद्या झोडपतो. मी खिडकी लावून घेतो, त्या काठीच्या आवाजानं ताल चुकतो."

"किती सुट्ट्यांना?"

"दर सुटीला."

बेकरीवालीकडे गादी एकच होती, आणि ती फोमची होती. जेलरबाई जिना उतरल्या तेव्हा त्यांना सगळं कळलं होतं. पुरावा मात्र रुमालाएवढाच होता, आणि ऊन कलायला लागलं होतं.

५

हेडबाई समितीच्या अध्यक्ष. शाळेतून निवृत्त झाल्या तरी समोरचा माणूस उभा राहिल्याशिवाय त्यांना बोलायचं सुचत नसे. जेलरबाई मुद्दाम बसल्या.

"ठराव एका दिवसात लिहिलात?" त्यांनी विचारलं.

"ठराव वर्षापूर्वीच लिहिला होता. वाट पाहत होते, लोकांना पटण्याची."

"म्हणजे माळीबुवांचा हात तुमच्या उपयोगी पडला."

हेडबाईंनी चष्मा काढला. "माझ्या वर्गात एक मुलगी होती. असल्याच कुत्र्यानं तिचा गाल फाडला. ती पुन्हा कधी पहिल्या बाकावर बसली नाही. मी ती पाहिली आहे, जेलरबाई, तुम्ही नाही. लहान कुत्रा चावला तर औषध लावता येतं. हे जबडे हाड मोडतात. काही प्राण्यांच्या रक्तातच असतं ते. खाण तशी माती."

जबड्याबद्दल हेडबाई बोलल्या ते खोटं नव्हतं, आणि त्या मुलीला उत्तर देण्याइतका शहाणपणा कुणाजवळच नसतो. पण ती शेवटची म्हण जेलरबाईंनी तुरुंगात फार ऐकली होती. कैदी बायकांच्या पोटी तिथं पोरं जन्मत. पाळण्यातल्या पोरीकडे बोट दाखवून शिकलेली माणसं हेच म्हणत, आणि हात झटकून निघून जात.

"खाण तशी माती," त्या म्हणाल्या. "या म्हणीनं किती जणांचं काम सोपं केलंय. माती कुणी तुडवली ते बघायलाच नको."

"तुम्हाला काय हवंय?"

"बैठक बेकरीच्या अंगणात घ्या. आणि आरोपीला हजर करा."

"कुत्र्याला? माणसांमध्ये?"

"डॉक्टर दोरी धरतील, ती खांबाला बांधलेली असेल. शिक्षा देण्याआधी आरोपीचं तोंड पाहण्याची रीत आहे, हेडबाई. माझं चुकलं तर सुई मी स्वतः हातात देईन. जावईबापूंनाही बोलवा. हिरोशिवाय मजा नाही."

६

अंगण भरलं. समितीची माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहिली. माळीबुवा खुर्चीत, पिपाणी खिडकीत, बेकरीवाली दारात. जावईबापू पुढे होते, लोक त्यांच्या पाठीवर हात ठेवत होते, आणि प्रत्येक हाताबरोबर त्यांचे खांदे जरा खाली जात होते.

डॉक्टरांनी टोस्टला आणलं. दोरी खांबाला दुहेरी बांधली. कुत्र्यानं बेकरीवालीला पाहून सगळं अंग हलवलं, आणि तिनं पदर तोंडाशी धरला.

जेलरबाईंनी चळतीतून एक पोतं उचललं, टोस्टसमोर धरलं. त्यानं हुंगलं आणि त्यावर डोकं ठेवलं. कुणीतरी हसलं.

मग त्या आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा पोतं त्यांच्या डाव्या हाताला गुंडाळलेलं होतं. टोस्टनं डोकं उचललं. कान पुढे आले.

"जेलरबाई, थांबा," डॉक्टर म्हणाले.

त्या दोरीच्या टप्प्यात एक पाऊल गेल्या. उजव्या हातातली काठी त्यांनी हळूच वर उचलली.

कुत्रा बदलला. गुरगुरला नाही, दात दाखवले नाहीत. नुसता ताठ झाला, बोलावल्यासारखा, आणि झेपावला. पोत्यावर जबडा मिटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. हेडबाईंनी डोळे मिटले.

आणि मग दोन थापा ऐकू आल्या. मांडीवर, सणसणीत.

टोस्टनं हात सोडला. मागे वळला, दोरी पुरेल तितका जावईबापूंच्या दिशेनं गेला, आणि त्यांच्याकडे मान वर करून बसला.

जावयाचा हात अजून मांडीवरच होता. त्यानं तो पाहिला, जणू दुसऱ्याचाच हात होता.

"हात मोडला असता तुमचा, मावशी," तो कसाबसा म्हणाला.

"मोडू दिला नाहीस, हे तुझ्या खात्यावर लिहीन." जेलरबाईंनी पोतं सोडलं. आत पाव भाजायचा पत्र्याचा साचा होता, त्याला खोल पोचे पडले होते. "मी म्हातारी आहे रे, खुळी नाही."

त्यांनी रुमाल उघडला आणि बक्कलं हेडबाईंच्या हातावर ठेवली.

"पहाऱ्याचा कुत्रा तयार करतात तो असा. माणूस डाव्या हातावर गोणपाटाची जाड बाही चढवतो, पट्ट्यांनी आवळतो, दुसऱ्या हातानं काठी उगारतो. कुत्र्यानं बाही धरली की ती त्याला बक्षीस. तो ती मिरवतो, आणि आणून देतो कुणाला? शिकवणाऱ्याला. काल टोस्टनं ते पोतं बाही समजून जावईबापूंच्या पायाशी ठेवलं. पिसाळलेला कुत्रा दोन थापांत सोडतो, हे तुम्ही शौर्य समजलात. काल भट्टीत पोतं एकटं जळलं नाही, बाहीही जळली. ताग जळाला, लोखंड राहिलं. आणि गोदामाच्या माणसाला कुठून माहीत असणार की पाव चुगली करतो."

वरून पिपाणी म्हणाला, "म्हणजे गाद्या नव्हत्याच."

७

जावयानं नाकारलं नाही. तो पायरीवर बसला.

"आई एकट्या असतात इथं. आमच्या गोदामावर चोर शिरले, पहारेकऱ्याचं डोकं फोडलं. मला झोप लागेना. वाटलं, टोस्ट तयार असला तर..."

"मी तुम्हाला सांगितलं होतं, जावईबापू," बेकरीवाली म्हणाली. तिचा आवाज शांत होता, आणि म्हणून जास्त लागला. "त्याला अंगावर जायला शिकवतो म्हणालात तेव्हाच. माझ्या कुत्र्याला शिव्या शिकवू नका म्हणून."

"हो."

"आणि काल?" जेलरबाईंनी विचारलं.

"काल मी बोलणारच होतो. पण सगळे म्हणाले, जातच वाईट. मला काही बोलावंच लागलं नाही."

माळीबुवा खुर्चीतून म्हणाले, "आणि वाचवलंस म्हणून मी तुझे पाय धरले रे. एका हातानं."

हेडबाई बक्कलं न्याहाळत उभ्या होत्या. त्यांनी मान वर केली तेव्हा त्या हरलेल्या दिसत नव्हत्या.

"उद्या दुसरा कुणी शिकवेल. जबडा तोच आहे."

"तोच आहे," जेलरबाई म्हणाल्या. "इथं एखादं लहान कुत्रं असतं तर माळीबुवांना ओरखड्यावर निभावलं असतं, हे मी लपवत नाही. म्हणून मोठ्या जबड्याच्या मालकाला नियम घाला. दोरी घाला, जाळी घाला, कुंपण तपासा. शिकवणाऱ्याला दंड करा. याची ही शिकवण उतरेपर्यंत याला जाळीशिवाय बाहेर काढू नका, ती मी स्वतः घालीन. पण जन्मावर सुई चालवू नका. जन्माला शिक्षा केली की शिकवणारा टाळ्या घेऊन घरी जातो. काल गेला तसा. तुम्हीच वाजवल्यात."

"आणि माझी ती मुलगी?"

"तिच्या वेळी कुणी विचारलं होतं, तो कुत्रा तसा कुणी केला?"

हेडबाईंनी बक्कलं मुठीत मिटली.

"नाही," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा नाही."

त्यांनी ठरावाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. फाडला नाही. पण त्या संध्याकाळी तो मांडला गेला नाही, आणि पुढच्या बैठकीत मांडला तेव्हा त्यात मालकांची कामं होती, जातीचं नाव नव्हतं. डॉक्टरांनी सुईची पेटी बंद केली आणि टोस्टच्या मानेवर हात फिरवला, तोही चोरून, कुणी पाहू नये असा.

वेल आता जावईबापू छाटतात. माळीबुवांचा हात बरा होईपर्यंत ते काम आणि त्यांचा घरखर्च दोन्ही जावयाच्याच अंगावर आलं. माळीबुवा खुर्ची टाकून बसतात आणि सावलीतून फर्मावतात. "तिकडची राहिली, हिरो. पोतं नको, काटे लागू दे जरा." त्यांच्या पायाशी टोस्ट झोपतो, तोंडाला जाळी. ऊन सरकलं की माळीबुवा खुर्ची सरकवतात. पहिल्या दिवशी त्यांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले होते. दुसऱ्या दिवशी एक खाली सोडला. वर पिपाणी वाजवतो, आणि खालून त्याला साथ मिळते.

काही लोक अजून रस्ता ओलांडून पलीकडून जातात. बेकरीवाली त्यांना काही म्हणत नाही. तिनं फक्त पाटीवाल्याकडून फाटकासाठी एक पाटी करून आणली. पाटीवाल्यानं नेहमीचा मजकूर लिहायला ब्रश बुडवला होता, तो तिनं थांबवला आणि आपला सांगितला. त्याला वाटलं, बाई चुकतायत. त्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं.

हेडबाई पाव घ्यायला आल्या तेव्हा फाटकाशी थांबून त्यांनी ती पाटी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि आत गेल्या.

"इथे कुत्रा आहे. त्याला काही शिकवू नये."